साधनं गावातच दुरुस्त करायचं काम: प्रकल्प नोंदी

८ जून २०२४

दिव्यांगांना मिळालेल्या साधनांची यादी करायला सुरुवात केली. मी गावात ऑनलाइन फॉर्मचं सेंटर चालवते (हिंगणघाट तालुका, वर्धा जिल्हा), सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती सगळं तिथंच होते, दिव्यांगांच्या युडीआयडी कार्डाचे (सरकारी ओळखपत्राचे) फॉर्मपण मीच भरते. त्यामुळे कोणाला कोणतं साधन मिळालं हे कागदावर माहीत होतं. ते आता कुठं आहे आणि चालते का, हे कोणी जाऊन पाहिलं नव्हतं. आज आशाताईंसोबत (गावातल्या आशा सेविका) आमचं गाव फिरले, बाजूचे दोन खेडे उद्या.

एक तीनचाकी सायकल गोठ्यात, तिच्यावर कुटाराचं पोतं. दुसरी अंगणात, चैन गंजून एक डांबरी रंगाचा गोळा झालेली. एका घरी व्हीलचेअर चांगल्या हालतमधे आहे पण माणूस बाजेवरच असतो, कारण चेअर इतकी रुंद की तो तिच्यात एका बाजूला कलंडते. शाळेतल्या एका पोराचं श्रवणयंत्र आलमारीत स्टीलच्या डब्यात, आईने इतकं जपून ठेवलं की वर रुमाल गुंडाळलेला. कुबड्या दोन घरी, रबर घासून लोखंड दिसते, फरशीवर सटकतात.

एकही वस्तू मुळात वाईट नाही. कुठं पंचर, कुठं सेल संपले, कुठं मापच चुकीचं. शिबिरात वस्तू मिळते, फोटो निघतो, गाडी निघून जाते, आणि मग ट्यूब फुटली तर कोणाकडे जायचं हे घरच्यांना कोणी सांगितलेलं नसते. एक आजोबा म्हणाले, "पोरी, सायकल देनारे लय भेटले, दुरुस्त करनारा नाही भेटला." तेच काम आपण करायचं ठरवलं. माझ्या चुलतभावाचं वेल्डिंगचं दुकान आहे, सुतारकाका तयार आहेत, आशाताई आहेतच.

१६ जून

अंगणातली तीनचाकी उघडली. पेरणीचे दिवस म्हणून भाऊला सकाळी दोन तासच भेटले, नंतर लोकांचे डवरे-वखर येतात.

ही सायकल हाताने चालते, समोर हाताचं पायडल, तिथून चैन चाकाला. यातलं जवळपास सगळं साध्या सायकलचंच आहे, चैन, फ्रीव्हील, छर्रे, कोन, तारा, ट्यूब, म्हणजे हिंगणघाटच्या कोणत्याही सायकल दुकानात भेटते. हे कळल्यावर भाऊचा अर्धा ताण गेला. चैन रॉकेलमधे भिजवून निघाली नाही, नवीनच टाकली. समोरच्या चाकाचे छर्रे बदलले, ब्रेकचे रबर बदलले.

खरी अडचण मात्र वेगळी निघाली. ज्यांची सायकल आहे ते म्हणाले की पावसाळ्यात ही तशीही चालत नाही, चिखल भरते. आमची काळी माती, ओली झाली की टायर आणि मडगार्डच्या मधात थापून बसते आणि चाक दगडासारखं जाम होते. शहरातल्या डांबरी रस्त्यावर हे कोणाच्या लक्षातच येणार नाही. भाऊने मागचे दोन्ही मडगार्ड कापून टायरपासून चार बोटं वर नेऊन परत वेल्ड केले आणि समोरचं काढूनच टाकलं, त्याऐवजी पायाजवळ जुन्या टायरच्या रबराचा पडदा लावला म्हणजे चिखल अंगावर उडत नाही. सीटखाली एक पाइपही लावला, छत्री खोचायला. तो पाइप मालकाने स्वतः सुचवला आणि आतापर्यंतच्या कामात सगळ्यात जास्त वापरात येईल तो तोच असं मला वाटते.

३० जून

व्हीलचेअरवाल्या दादाकडे गेलो. विहिरीच्या कामावर पडून पाठीचा मणका गेला, कमरेखाली काहीच समजत नाही. पिठाची चक्की चालवतात, म्हणजे बायको दळण टाकते आणि हे मोटर आणि हिशोब पाहतात.

आधी माप. भाऊ म्हणे खुर्चीचं काय माप घ्यायचं, तर आशाताई म्हणाल्या, ब्लाऊजचं घेतो की नाही, हे तर दिवसभर अंगावर आहे. सपाट फळीवर बसवून माप घेतलं. कमरेची रुंदी, त्यात दोन्ही बाजूला एकेक बोट जागा, याच्यापेक्षा जास्त नको. पाठीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतची लांबी, त्यातून दोनतीन बोटं कमी करायची नाहीतर सीटची कड गुडघ्यामागे रुतते. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, त्यावर पाय ठेवायच्या पट्टीची उंची ठरते. पट्टी फार वर असली की मांड्या उचलल्या जातात आणि सगळं वजन बसायच्या दोन हाडांवर येते. यांच्या चेअरमधे नेमकं तेच होत होतं, आणि डाव्या बाजूला जखम सुरू झालेली होती, चामडी लाल आणि मधात काळपट. त्यांना ती दिसत नाही, दुखतही नाही, म्हणूनच ती धोक्याची. आशाताईंनी लगेच आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला फोन केला, ड्रेसिंग तिथून होईल.

उशी आम्ही बनवली. खाली कडक फोम, वर मऊ फोम, आणि कडक फोममधे मागच्या भागात बसायच्या हाडांसाठी खोलगट जागा कापली. रेक्झिनचं कव्हर नाही लावलं, आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाते, रेक्झिनमधे घाम साचून चामडी सडेल, म्हणून सुती कापड, दोन जोड, एक धुवायला. तपासायची एक सोपी रीत आहे, माणूस उशीवर बसला की हाडाखाली आपला हात घालायचा, बोटांची टोकं थोडीशी वर उचलता आली तर ठीक, हलतच नसतील तर दाब जास्त आहे, आणि हात निघतच नसेल तर ती उशी देऊच नये. पहिल्या वेळी बोटं हलली नाहीत. खोलगट जागा वाढवली, मग हलली.

आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढं वाकून किंवा बाजूला कलून वजन उचलायचं. घड्याळ कोण पाहते, म्हणून त्यांनीच ठरवलं की एक डब्बा दळून झाला की पुढं वाकायचं.

१४ जुलै

कुबड्या. बारावीतली एक पोट्टी आहे, सिकलसेल, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन सांधा खराब झाला, चालताना लंगडते. सिकलसेलमधे हे होते, लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांमधे अडकतात. विदर्भात हा आजार किती घरी आहे हे इथल्या लोकांना सांगायची गरज नाही. पण घरच्यांना हे माहीत नव्हतं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. जुन्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियापण त्यात आले. चाळीस टक्के किंवा जास्तचं प्रमाणपत्र झालं तर कॉलेजच्या प्रवेशातल्या आरक्षणात तिला उपयोग आहे. सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण मात्र नुसत्या सिकलसेलवर मिळत नाही, खुब्यामुळे चालण्याचं दिव्यांगत्व धरलं तरच. फॉर्म आजच भरला. टक्केवारी डॉक्टरांचं बोर्ड ठरवेल, पण तपासणीची सगळी जुनी कागदं फाइलमधे लावून दिली, एक्सरे सकट, कारण नुसता रक्ताचा रिपोर्ट नेला तर खुब्याचं नुकसान समोर येत नाही.

तिच्या कुबड्या वडलांच्या उंचीच्या होत्या. काखेत आणि कुबडीच्या वरच्या टोकात दोनतीन बोटं अंतर पाहिजे, वजन हातावर घ्यायचं, काखेवर नाही, काखेत दाबून चाललं तर नस दबून हाताला मुंग्या येतात. तिला येतच होत्या. हात सरळ खाली सोडला की मनगटाच्या घडीजवळ मूठ यायला पाहिजे. भाऊने पाइप कापून छिद्रं नवीन पाडली. खालचं रबर बाजारात भेटते पण चिखलात टिकत नाही, जुन्या स्कूटरच्या टायरमधून गोल कापून, नक्षीची बाजू खाली ठेवून, दोन थर शिवून लावले.

डॉक्टरांनी तिला पाणी भरपूर पी, थंडीत गार पाण्याने आंघोळ करू नको, थकेपर्यंत काम करू नको असं सांगितलं आहे. धानाच्या चिखलात रोवणीला जाते बाहेरगावी सुट्टीत. आईशी बोलले. घरची परिस्थिती पाहता मी जास्त ताणलं नाही, पण प्रमाणपत्र लवकर व्हावं यासाठी मागे लागणार आहे.

१५ ऑगस्ट

ग्रामसभा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा शासनाचा नियमच आहे. आमच्याकडे दरवर्षी ते पैसे सगळ्यांना सारखे वाटून टाकतात. मी मागणी ठेवली की त्यातला काही भाग सुट्या भागांसाठी ठेवा, ट्यूब, चैन, फोम, श्रवणयंत्राचे सेल. एक काका चिडले, "आमच्या हक्काचे पैसे ट्यूबात घालता का बाई?" त्यांचं म्हणणं चूक नाही, हातात येणारा पैसा लोकांना खराच लागते, औषधाला लागते. शेवटी सरपंचताईंनी मधला रस्ता काढला, वाटप तसंच राहील, थोडा भाग बाजूला, आणि त्याचा हिशोब दर ग्रामसभेत वाचून दाखवायचा. ठराव लिहून घेतला. भाऊची मजुरी यात धरलेली नाही, तो म्हणते नको, पण हे असं कायम चालू शकत नाही, पुढच्या सभेत मांडणार.

४ सप्टेंबर

पोळ्याचे दोन दिवस काहीच झालं नाही. आज शाळेत गेले.

श्रवणयंत्रवाला पोरगा चौथीत आहे. आईला विचारलं का नाही लावत, तर म्हणे "शिट्टी वाजते बाई, वर्गातले पोट्टे हासतात." शिट्टी का वाजते तर कानात बसणारा साचा दोन वर्षांपूर्वीचा, पोरगा वाढला, कान वाढला, साचा ढिला झाला. आतला आवाज बाजूने बाहेर निघून परत माइकमधे जाते आणि ती शिट्टी. यंत्र बिघडलेलं नाही. साचा नवीन घ्यावा लागेल, ते वर्ध्याला ऑडिओलॉजिस्टकडेच होते, घरी करायचं काम नाही ते. त्यांना दिव्यांगांची एसटीची पंच्याहत्तर टक्के सवलत माहीत होती, पण कार्ड मामाच्या घरी राहिलेलं. कार्ड आणायला सांगितलं, पुढच्या मंगळवारी जाऊ.

सेलबद्दल बऱ्याच घरी गैरसमज आहे म्हणून सविस्तर लिहून ठेवते. यात झिंक-एअरचा सेल असतो, त्यावर छोटं स्टिकर असते, ते काढलं की हवा आत जाऊन सेल चालू होते. एकदा चालू झाला की परत स्टिकर लावून काही वाचत नाही. स्टिकर काढून मिनिटभर बाहेर ठेवायचा, मग बसवायचा. आकार स्टिकरच्या रंगावरून ओळखता येते, ६७५ नंबरचा निळा, १३ नंबरचा नारिंगी, ३१२ चा तपकिरी, १० चा पिवळा. याचा निळा आहे. मेडिकलवाल्याला घड्याळाचा सेल मागितला तर तो दुसराच देते, आणि याच्या घरी तसंच झालं होतं. पावसाळ्यात रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून यंत्र घट्ट डब्यात, सोबत नवीन बूट किंवा बॅगमधे येते ती सिलिका जेलची पुडी. डब्यात रुमालासोबत ठेवणं चांगलंच होतं, फक्त पुडी नव्हती.

सरांशी बोलले. समोरच्या बाकावर बसवायचं आणि फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, पोरगा ओठ पाहते. सर म्हणाले हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. लगेच बाक बदलला.

६ ऑक्टोबर

सोयाबीन काढणी, सगळे वावरात. सुतारकाकांना मात्र या दिवसात वेळ असतो, त्यामुळे कोपरा-खुर्ची झाली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर ताबा राहत नाही) असलेलं तीन वर्षांचं लेकरू आहे, आई त्याला मांडीवर आडवं करून वरण-भात भरवते आणि दर घासाला ठसका. घास श्वासनळीत जायची भीती असते तशात. पाठीला दोन फळ्या काटकोनात, म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात बसल्यासारखं, त्यामुळे खांदे पुढं येतात आणि डोकं मागं फेकलं जात नाही. दोन्ही पाय कातरीसारखे एकमेकांवर जातात म्हणून गुडघ्यांच्या मधात गोल ठोकळा, वर जुन्या वाकळीचं कापड. समोर ट्रे. पाय खाली टेकले पाहिजे, लटकले की अंग ताठरते. काकांनी ट्रेला बारीक कठडा लावला म्हणजे वाटी सरकत नाही, आणि पायाखालची फळी तीन उंचीवर बसेल अशी खाच केली कारण लेकरू वाढणार.

पहिल्या दिवशी रडलं. पंधरा मिनिटंच बसवायचं, हळूहळू वाढवायचं.

२७ ऑक्टोबर

किराणावाल्या काकूंचं काम. शुगरने डोळे गेले, दुकान मात्र त्याच चालवतात, आणि नोटा ओळखायचा त्रास. रंग दिसत नाही, आणि नव्या नोटांमधे पन्नासपासून पाचशेपर्यंत सगळ्यांची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. लांबीत फरक आहे पण तो बारीक, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५०. म्हणजे शंभर आणि दोनशेमधे चारच मिलिमीटर. दहाची १२३ आणि विसाची १२९, या दोन ६३ रुंद. शंभर, दोनशे, पाचशेच्या नोटेवर कडेला उठावाच्या तिरप्या रेषा असतात, शंभरला चार, दोनशेला चार आणि मधात दोन गोल, पाचशेला पाच, पण बाजारात फिरून फिरून त्या घासून जातात, काकूंच्या बोटांना नव्या कोऱ्या नोटेवरच लागतात.

सुतारकाकांनी प्लायची पट्टी बनवली. ६६ मिलिमीटरची नाली, एका टोकाला अडकण, आणि वर लिहिलेल्या लांबीवर एकेक खाच, खाचेजवळ खिळ्यांची डोकी, दहाला एक, विसाला दोन असं. नोट नालीत ठेवायची, टोक कोणत्या खाचेपर्यंत येते ते बोटाने पाहायचं. आता जुन्या नोटा. जुन्या पन्नास आणि शंभरच्या ७३ मिलिमीटर रुंद, त्या नालीत बसतच नाहीत, ते सोपं. पण जुनी विसाची १४७ लांब आहे आणि नवी दोनशेची १४६! रुंदीत तीन मिलिमीटरचा फरक, तो बोटाला कळणं कठीण. विसाच्या जागी दोनशे समजून काकूंनी एकशेऐंशी जास्त परत दिले तर दिवसाची कमाई गेली. म्हणून ठरलं, खाच दोनशेची आली तर नोट नालीत आडवी हलवून पाहायची, हलली तर बाजूच्या डब्यात टाकायची, आणि संध्याकाळी नातीने पाहायचं. जुन्या विसाच्या नोटा सापडल्या की बँकेत भरायच्या, परत गल्ल्यात नको.

रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲपपण आहे, २०२० मधे आलं, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते बोलते आणि इंटरनेट नसलं तरी चालते. ते टाकून दिलं. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना फोन काढा, प्रकाश पाहा, एवढा वेळ नसतो, पट्टी लवकर होते. मोबाईलने पैसे देणाऱ्यांसाठी बोलणारा डब्बा आधीच आहे, तो मराठीत रक्कम सांगते, काकूंच्या दुकानात सगळ्यात कामाची वस्तू तीच निघाली आणि ती तर अंधांसाठी बनवलेलीही नाही.

काकूंच्या फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणारी सोय, चालू करून दिलं. आवाजाची दोन्ही बटनं तीन सेकंद एकत्र दाबली की चालू-बंद होते. एकदा टच केलं की ते काय आहे हे बोलते, दोनदा टच केलं की उघडते. मराठी आवाज आधी डाउनलोड करावा लागते, नाहीतर इंग्रजी ॲक्सेंटमधे मराठी वाचते आणि माणूस घाबरून बंद करते. वेग कमी ठेवला. पहिला धडा एकच, लेकीला फोन लावायचा.

१७ नोव्हेंबर

परवा-तेरवा विधानसभेचं मतदान (२० ला), आणि केंद्र जिल्हा परिषद शाळेत. शाळेला रॅम्प आहे पण इतका उभा की तीनचाकी वर चढत नाही, मागून दोन जणांनी ढकलावी लागते आणि उतरताना धावते. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी. ओटा सव्वा फूट, म्हणजे पंधरा फूट पाहिजे, आणि आहे सहा. सरळ पंधरा फूट काढायला जागा नाही, समोर हापशी आहे. गवंडीदादांनी मधात सपाट चौथरा देऊन एल आकारात वळवला, चौथरा तीनचाकी फिरेल एवढा मोठा. कडेला दोन इंचाची पाळ, चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून. एका बाजूला पाइपचा कठडा भाऊने लावला, तो म्हाताऱ्या माणसांनाच जास्त कामी येईल. पृष्ठभाग झाडूने खरबरीत करून घेतला, गुळगुळीत सिमेंट छान दिसते पण पावसात त्यावर कुबडी सटकते.

२१ नोव्हेंबर

काल तीनचाकीवाले काका स्वतः पायडल मारत वर गेले, मत देऊन स्वतः खाली आले. मागच्या वेळी चौघांनी उचलून नेलं होतं, ते त्यांना अजिबात आवडलं नव्हतं, हे त्यांनी काल पहिल्यांदा सांगितलं.

१५ डिसेंबर

बाजूच्या खेड्यातून बॅटरीवाली तीनचाकी आली. पावसाळ्यात घरीच पडून होती आणि आता चार्जच होत नाही. लेड-ॲसिड बॅटरी आहे, उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने ठेवली की आत प्लेटांवर थर बसून ती मरते. वापरा नका वापरू, महिन्यातून एकदोनदा पूर्ण चार्ज करायचीच. बॅटरी नवीनच घ्यावी लागेल, पाच टक्क्यातले पैसे एवढ्याला पुरत नाहीत. सध्या मालकाच्या मुलाने अर्धे जमवले, कापूस विकला की बाकीचे. तोपर्यंत भाऊने वायरी आणि मोटर तपासून ठेवली. ही माहिती त्याने चॉकने सायकलच्या मागच्या पत्र्यावर लिहिली, मी म्हटलं पेंटने लिही.

मधात वरोऱ्याला आनंदवनात जाऊन आलो, बाबा आमट्यांनी १९४९ मधे सुरू केलेलं. भाऊ आधी म्हणत होता इतक्या दुरून काय दिसणार. हातमागावर बसलेल्या माणसांची बोटं झिजलेली आणि कापड एकसारखं, तो तिथंच बराच वेळ उभा राहिला. परत येताना गाडीत चक्कीवाल्या दादाच्या मोटरचं बटन पाइप लावून खुर्चीच्या उंचीवर कसं आणता येईल याचं चित्र काढत होता. ते बटन पुढच्या आठवड्यात लागलं, आता मोटर चालू करायला बायकोला हाक मारावी लागत नाही.

१२ जानेवारी २०२५

आढावा घ्यायला सगळ्या घरी परत गेलो. दादाची जखम भरली, उशीचा फोम मात्र दबत आला, उन्हाळ्याच्या आधी बदलायचा. श्रवणयंत्राचा नवीन साचा बसला, शिट्टी नाही, पोरगा शाळेत लावते, घरी आल्यावर काढून टाकते, थकतो म्हणते. तेही ठीक आहे. सिकलसेलवाल्या पोट्टीची बोर्डाची तारीख अजून लागली नाही, मागे लागणं सुरू. एक कुबडी परत आली, टायरचं रबर शिवणीत उकललं, आता रिव्हेट मारून पाहतो.

कोपरा-खुर्चीतलं लेकरू ट्रेवरचा कुरमुरा स्वतः उचलून तोंडात घालते. पायाखालची फळी एक खाच खाली घेतली. आईला आता उभं राहायची फ्रेम पाहिजे, काका लाकूड घेऊन तयार आहेत, पण खुबा आणि गुडघे फिजिओथेरपिस्टने तपासल्याशिवाय कापायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं, चुकीच्या कोनात उभं केलं तर सांध्याला इजा होऊ शकते. २० तारखेला सेवाग्रामच्या दवाखान्यात जायचं आहे. लेकराच्या आईसोबत मी जाते, काकांचं ड्रॉइंग आणि माप घ्यायचा टेप सोबत, आणि तिथं कोणता पट्टा कुठं लावायचा हे विचारून त्याच कागदावर लिहून आणायचं.